गाईंच्या पोत्यातली राखाडी पूड

११ जानेवारी

आलो एकदाचा. दोन पेट्या पुस्तकं, एक पेटी कपडे आणि सडाफटिंग मी. ताईने दारातच विचारलं, "बारक्या, राहायला आलायस की दुकान टाकायला?" साठी उलटली तरी तिच्या लेखी मी बारक्याच.

कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून 'प्राणिशास्त्राची तोंडओळख' लिहायचं घाटतंय. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी, सोप्या भाषेत. सुरुवात एकपेशीय प्राण्यांपासून, मधे सगळं वर्गीकरण, आणि शेवट थेट गोठ्यात, म्हणजे पशुआहारावर. आयुष्यभर फळ्यावर गाईचं पोट काढलं, पण खऱ्या गाईच्या पोटात काय घालतात ते जवळून पाहिलेलं नाही. ताईकडे चार गाई आहेत, मागच्या अंगाला मेंढवाडा आहे, आणि माडीवर रिकामी खोली आहे. आणखी काय पाहिजे?

एकच गोष्ट खुपली. ताईने पत्रात दाजींच्या विसरण्याबद्दल लिहिलं होतं, पण मी ते वयाचं म्हणून सोडून दिलं होतं. चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधणं मीही करतो. पण आज दाजींनी मला दोनदा विचारलं, "अरे मास्तर, कधी आलास?" आणि दोन्ही वेळा तितक्याच आनंदाने मिठी मारली. दुसऱ्या मिठीच्या वेळी ताई आत निघून गेली.

मेंढवाड्यात मात्र त्यांचं काही चुकत नाही. मला सगळ्या मेंढ्या एकसारख्या दिसतात. त्यांना प्रत्येकीची आई, मावशी, खोड आणि रुसवा ठाऊक आहे. जनावरांच्या खाण्याच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असते आणि चालताना तिच्यावरून ते हात फिरवत राहतात.

१४ जानेवारी

ताईने काम सोपवलं. "सकाळचं खाणं तू घाल. हे कधी दोनदा घालतात, कधी घालतच नाहीत. नुसते बरोबर राहू देत." म्हणजे काम माझं, मान त्यांचा.

खाण्याच्या खोलीत पेंडीचा वास कोंडलेला असतो. एका बाजूला भरड्याचे पत्र्याचे डबे, दुसऱ्या बाजूला खनिज मिश्रणाची दोन पोती. मूठभर पूड भरड्यात मिसळायची, म्हणजे हाडं बळकट, लोकर दाट. मेंढ्यांचं पोतं आज संपलं. मी दुसऱ्या पोत्यात माप घातलं, तर दाजींनी मनगट धरलं.

"ते नाही. ते गाईंचं."

"मेंढ्यांचं संपलंय, दाजी. दुकानात यायला वेळ लागेल."

"मेंढ्यांना नाही घालायचं हे."

"का पण?"

ते उभे राहिले. ओठ हलले, शब्द आला नाही. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही अडकलेली मुलं मी खूप पाहिली आहेत. शेवटी म्हणाले, "कारण आहे. मला माहीत होतं ते."

मी त्यांना समजावलं. गाय आणि मेंढी दोघी एकाच कुलातल्या, बोव्हिडी. दोघींचे खूर दुभागलेले, दोघींचं पोट चार कप्प्यांचं, दोघी रवंथ करणाऱ्या. चुलत बहिणीच म्हणा. बहिणी एका ताटात जेवल्या तर काय बिघडतं? दाजींनी मनगट सोडलं. "तू शिकलेला आहेस," म्हणाले आणि गव्हाणीत गवत पसरायला लागले.

उदाहरण चांगलं आहे. वर्गीकरणाचा रोजच्या जगण्यात काय उपयोग, असं मुलं नेहमी विचारतात. पुस्तकात घालीन.

६ फेब्रुवारी

चार-पाच मेंढ्या लंगडतायत. पावलं कुजायला लागली की दाजी मोरचुदाचं पाणी करतात आणि त्यातून सगळ्यांना चालवत नेतात. फाटकाशी पसरट टब ठेवला होता, त्यात निळंशार पाणी. मेंढ्या नाक मुरडत एकेक करून उतरल्या आणि आम्हा दोघांच्या पाटलोणी निळ्या झाल्या.

ताई गोठ्यातून ओरडली, "ते पाणी टाकून द्या हो! विष असतं ते. मागच्या वेळी तसंच ठेवलं होतंत."

"टाकतो, टाकतो," म्हणाले. आणि टाकलंही. मी समोर उभा होतो. खड्ड्यात ओतलं, टब पालथा घातला, वर दगड ठेवला आणि हात पुसत मला म्हणाले, "तिला सांग, टाकलं म्हणून. माझ्यावर विश्वास नाही तिचा." मी सांगायचं विसरलो. गाईच्या जठराची आकृती काढत बसलो होतो.

मेंढ्यांच्या पोत्याची चौकशी करायची राहून गेली. घाई नाही. मेंढ्या छान खातायत.

९ मार्च

सस्तन प्राण्यांचं प्रकरण हातावेगळं झालं. ताई म्हणाली, "तुझ्या हाताला गुण आहे हं. लोकर बघ कशी चमकतेय." मी शेफारलो, हे कबूल. जेवताना पशुआहारावर लांबलचक बोललो. दाजी कौतुकाने ऐकत होते, मधेच त्यांनी विचारलं, "हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?" ताई हसली नाही.

२८ मार्च

लोकर कातरणी झाली. दोन दिवस धावपळ, आरडाओरडा, धरपकड. कातरणारे एकेक मेंढी बसकण मारल्यागत धरायचे आणि अख्खा कोट उतरवून सोडायचे. मेंढ्या बिथरल्या होत्या. दाजी प्रत्येकीला कानामागे खाजवून "झालं, झालं" म्हणत होते. संध्याकाळी एक मेंढी खाली मान घालून भिंतीशी उभी होती. थकली असेल.

३० मार्च

भिंतीशी उभी होती ती सकाळी मेलेली सापडली. आणखी दोघी उठत नाहीत. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, हिरड्या पिवळ्या, मूत्र काळपट लाल. दाजी एकीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, उठायला तयार नव्हते.

गुरांची डॉक्टरीणबाई दुपारी आली. माझीच विद्यार्थिनी निघाली, पहिल्या बाकावर बसणारी. "सर, तुम्ही इथे!" म्हणून वाकली आणि मग अंगणात ताडपत्रीवर मेलेली मेंढी उघडली. यकृत पिवळं आणि ठिसूळ, मूत्रपिंडं काळीनिळी. "तांबं," ती म्हणाली. "तांब्याची विषबाधा. गाय तांबं सहज बाहेर टाकते, मेंढीला ते जमत नाही. यकृतात साठत जातं, जनावर वरून ठणठणीत दिसतं. मग काहीतरी दगदग झाली की यकृत ते सगळं एकदम रक्तात सोडतं."

मी खाण्याच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. का पाहिलं ते तेव्हा पुरतं कळलं नाही. किंवा कळलं. इथे खोटं लिहून काय मिळवणार?

"मोरचूद वापरता का? त्यातही तांबंच असतं," तिने विचारलं.

ताईने दाजींकडे पाहिलं. "तुम्ही ते पाणी टाकलं होतंत ना?"

"टाकलं असेल."

"असेल म्हणजे? टाकलं की नाही?"

"आठवत नाही गं."

"एकदम प्यायल्या असत्या तर जुलाब लागले असते," डॉक्टरीण म्हणाली. "पण रोज जाता-येता थोडं थोडं चाटलं असेल तर असं होऊ शकतं. खाण्यात काही बदल, सर?"

मी म्हणालो, "विशेष काही नाही."

तिने मान डोलावली. पुन्हा विचारलं नाही. ताई दाजींच्या अंगावर ओरडली, "तुम्ही मारलंत त्यांना! कितीदा सांगितलं होतं, कितीदा!" दाजी मांडीवरच्या मेंढीकडे बघत होते. त्यांनी हळूच तिचा कान झाकला.

३१ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी, झोपलेल्या दाजींच्या उशाची किल्ली घेऊन खाण्याच्या खोलीत गेलो. पोत्यावरची धूळ झटकली. छापलेलं होतं, ठळक नसलं तरी सरळ वाचता येईल असं: फक्त गाईंसाठी. यात तांबे आहे. मेंढ्यांना देऊ नये.

जन्मभर मुलांना सांगत आलो, बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

पूड घालणं थांबवलं, कोणाला न सांगता. दुकानातून मेंढ्यांचं पोतं आणलं आणि जुन्याच जागी ठेवलं. डॉक्टरणीने सगळ्या मेंढ्यांना औषध सुरू केलंय, म्हणजे उपचार योग्य तेच चाललेत. मग कारण सांगून मेलेली मेंढी उठणार आहे का? झाकली मूठ सव्वा लाखाची. असं स्वतःला दिवसभर सांगितलं. सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

३ एप्रिल

आणखी दोघी गेल्या. डॉक्टरणीने तपासायला खाण्याचा नमुना मागितला. मी नव्या पोत्यातलं मिश्रण दिलं. माझ्या हाताने पिशवीत भरलं, गाठ मारली आणि तिच्या हातात ठेवलं. त्या दिवशी गप्प बसलो तेव्हा घाबरलो होतो असं म्हणता येईल. आज घाबरलेलो नव्हतो. आज मी ठरवून केलं.

५ एप्रिल

ताईने दाजींच्या कमरेची किल्ली काढून घेतली. जेवणं झाल्यावर, सगळ्यांसमोर, म्हणजे माझ्यासमोर. "आता मेंढ्यांकडे जायचं नाही. बारक्या बघेल." दाजींनी किल्ली काढताना हात वर धरले, कपडे बदलून घेताना लहान मूल धरतं तसे. ताईने किल्ली माझ्यापुढे सरकवली आणि मी ती घेतली.

नमुन्यात काही सापडलं नाही, असा डॉक्टरणीचा निरोप आला. "म्हणजे टबच," ताई म्हणाली. मी मूग गिळून बसलो.

८ एप्रिल

दाजी दिवसभर ओसरीवरच्या खुर्चीत बसतात. तिथून मेंढवाडा दिसतो. मी फाटक उघडायला गेलो की मागून हाक येते, "मास्तर, मी येऊ का जरा?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणतात, "नको. नकोच. माझ्यामुळे मेल्या."

आजचा दिवस कोणता, हे त्यांना सांगता येत नाही. माझं नाव काल आठवलं नाही. एवढं मात्र पक्कं लक्षात आहे.

त्यांनी टब पालथा घातला हे जगात फक्त मला माहीत आहे. ज्याने केलं त्यालाही माहीत नाही. हा विचार आला आणि हातातला घास ताटात परत ठेवला. ताईला वाटलं, तिखट लागलं. पाणी दिलं.

९ एप्रिल

पुस्तक काढून बसलो. रवंथ करणाऱ्या प्राण्यांचं प्रकरण. 'गाय व मेंढी या एकाच कुलातील असल्या तरी' इथवर लिहिलं. 'तरी'च्या पुढे काही जात नाही.

१२ एप्रिल

आज सांगितलं! ताई बाजाराला गेली होती. दाजींच्या खुर्चीशेजारी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पोतं, पूड, लेबल, टब, पिशवीतला नमुना. एकही गोष्ट लपवून ठेवली नाही. 

दाजींनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "म्हणजे मी नाही?"

"नाही दाजी. तुम्ही टब पालथा घातलात. दगडसुद्धा ठेवलात वर. मी पाहिलं."

"दगड ठेवला?"

"ठेवला."

ते हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि मग माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "गाढवा! एवढे दिवस गप्प बसलास?" आणि उठून थेट मेंढवाड्यात गेले. मी किल्ली दिली. तासभर एकेकीची चौकशी करत हिंडले.

किती हलकं वाटतंय. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो. ताई आली तेव्हा दाजी गुणगुणत होते. "आज काय झालंय ह्यांना?" तिने विचारलं. दाजींनी माझ्याकडे बघून डोळा मारला. मला वाटलं, आता तेच सांगतील तिला, सावकाश, त्यांच्या पद्धतीने. नवराबायकोत मी कशाला तोंड घालू?

१३ एप्रिल

चहा घेऊन ओसरीवर गेलो. दाजी खुर्चीत बसले होते. मेंढवाड्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, माझ्यामुळे मेल्या रे. ते पाणी मी टाकलं नाही."

मी कप खाली ठेवला.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. घरात दोन माणसं आहेत. एक ऐकलेलं विसरणार, एक कधीच विसरणार नाही. मी बरोबर पहिलं निवडलं आणि त्याला धैर्य म्हटलं. वर त्याच्याकडून माफीही घेतली, पोटभर जेवलो. शरम वाटते. नुसती नाही, अंग आक्रसून घ्यावं इतकी वाटते.

१४ एप्रिल

ताई गोठ्यामागच्या नळावर दुधाचे कॅन घासत होती. उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर उठून पळालो असतो. ती घासत राहिली. माझं संपलं तेव्हा एक कॅन लख्ख झाला होता, तरी ती तोच घासत होती.

"डॉक्टरणीला सांगितलंस?"

"आत्ता फोन केला."

केला होता.  ती म्हणाली होती, "सर, दुसरं कोणी असतं तर मी खोदून खोदून विचारलं असतं. पोतं दाखवा म्हटलं असतं. तुम्ही होतात म्हणून नाही विचारलं." रागावली असती तर बरं झालं असतं.

"आणि ह्यांना?" ताईने विचारलं.

"परवाच सांगितलं. विसरले."

तिने नळ बंद केला. "म्हणजे मला सांगायच्या आधी त्यांना सांगितलंस." तिला सगळं समजलं होतं. लहानपणी मी काच फोडली की तिला माझ्या चालण्यावरून कळायचं. "हुशार आहेस बारक्या. पहिल्यापासूनच."

मी म्हणालो, वाट्टेल ते बोल. मार. घराबाहेर काढ.

"तुला काय बोलू? मी त्यांना काय बोलले ते आठवतंय तुला?" तिचा आवाज फुटला. "तुम्ही मारलंत, म्हणाले मी. लग्नाचा दिवस विसरले ते, मुलाचा चेहरा विसरतात. हे बोललेलं मात्र धरून बसलेत. सगळं गळून गेलं रे, तेवढंच राहिलं. ते कसं काढू मी आता?"

ती खाली बसली आणि ओल्या हातांनी तोंड झाकून रडली. मी जवळ गेलो तर कोपराने ढकललं. कॅन कलंडून उताराने गडगडत गेला. तो आणायला मी धावलो, कारण तेवढंच करता येण्यासारखं होतं.

नंतर तिने मला सामान बांधायला सांगितलं नाही. म्हणाली, "तू जायचं नाहीस. रोज सकाळी त्यांना सांगायचं. रोज. लक्षात राहीपर्यंत, नाहीतर तू मरेपर्यंत."

१५ एप्रिल

सांगितलं. ताई दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी ती पुढे आली आणि म्हणाली, "माझं चुकलं हो. मी बोलायला नको होतं." दाजी म्हणाले, "तू कधी काय बोललीस?" तिने किल्ली त्यांच्या कमरेला अडकवली. त्यांनी ती दुपारपर्यंत वागवली, मग काढून माझ्या उशाशी ठेवली. "तूच ठेव. माझा भरवसा नाही."

३ मे

रोज सांगतो. बाकीच्या मेंढ्या वाचल्या. काही दिवस दाजी मला शिव्या देतात, काही दिवस पाठीवर हात ठेवतात, एकदा ताडकन उठून आत निघून गेले आणि दार लावून घेतलं. एकेका दिवशी एकेक शिक्षा. सवय होईल असं वाटलं होतं. होत नाही, कारण त्यांना ते रोज पहिल्यांदाच कळतं, आणि त्यांचा चेहरा पाहिला की मलाही. ताई माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला वाढते, पण "आणखी घे" म्हणत नाही.

२२ जून

आज दाजींचे डोळे सकाळपासून कुठेतरी लांब होते. मी कोण, हे ओळखलं नाही, पण शेजारी बसू दिलं. मी नेहमीसारखं सांगायला लागलो. पोतं, पूड, टब, नमुना. ते अगदी लक्ष देऊन ऐकत होते, तिऱ्हाइताची गोष्ट ऐकावी तसे. मधे मधे "अरेरे" म्हणत होते.

माझं झाल्यावर म्हणाले, "वाईट केलंत तुम्ही."

"हो."

"मेंढ्यांचं सोडा. चूक कोणाच्याही हातून होते. पण तो माणूस, ज्याच्यावर आळ आला, त्याला सांगितलंत का? त्याच्या जिवाला किती लागलं असेल. असं मनात धरून माणूस झिजतो हो."

 ताई दारात होती, तिने पदर तोंडाला लावला.

"सांगतो त्याला," मी म्हणालो. "रोज सांगतो."

"नुसतं सांगून काय होतंय? हाताला धरून त्याला मेंढ्यांत घेऊन जा. त्या जवळ आल्या की त्याला बरं वाटेल."

मी उठलो. मेंढवाड्याचं फाटक उघडून धरलं आणि हात पुढे केला. "चला, दाजी."

त्यांनी मागे वळून पाहिलं, मी कोणाला बोलावतोय ते.